जिनिंगच्या चौकातला बंदोबस्त

जबाब देणार : गिरिजाबाई भिवा दाभाडे, वय अंदाजे ६६ वर्षे, धंदा मजुरी (गुडघ्यांमुळे सध्या घरीच), राहणार रमाईनगर, अंबड, जिल्हा जालना.
लिहून घेणार : महिला पोलीस शिपाई शीतल गाडेकर. दिनांक १५ एप्रिल २०२५, सकाळी, पोलीस ठाण्यात.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर पती भिवा सखाराम दाभाडे, वय ७४, यांच्यासह राहण्यास असून पती हे येथील मोंढ्यात हमालीचे काम करीत होते. मागील काही वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार जडला होता. आम्हास एक मुलगी असून ती विवाहित आहे. काल सोमवारी जयंतीची मिरवणूक असल्याने शहरातील जुन्या बाजाराचा मार्ग वाहतुकीस बंद करून सर्व वाहने जिनिंग चौकातून वळविण्यात आली होती. सायंकाळी सदर चौकात पिकअप वाहनाची धडक बसून माझे पती मयत झाले. सदर इसम हे विस्मरणाच्या भरात अचानक रस्त्यावर आल्याने

इथपर्यंत लिहून शीतल मॅडमनी मला वाचून दाखवलं. मी म्हणले, मॅडम, इथंच थांबा. हे ‘अचानक रस्त्यावर आल्याने’ तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर सांगितलं न्हाई. त्या म्हणल्या, मावशी, पिकअपच्या मालकानं अर्ज दिलाय, त्यात तसं हाये, ‘वेडसर म्हातारा अचानक आडवा आला’ म्हणून. मी जरा चांगलंच लिहून राह्यले. मी म्हणले, तो मालक होता का चौकात? घरी पंख्याखाली बसला असंल. जबाब माझा हाये ना, मंग माझ्या तोंडचं लिहा, न्हाईतर मी उठते. माझा आवाज चढला म्हणून ठाण्याचे साहेब आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं आन् म्हणले, लिहून घ्या बाई सांगतात तसं. म्हणून इथून पुढं मी बोलले तसंच लिहिलेलं हाये. वरची शेवटची ओळ खोडली आन् तिथं माझी सही घेतली.

माझं म्हणणं एकच हाये. माझे मालक, म्हणजे माझा नवरा, रस्त्यावर आले नव्हते. ते बंदोबस्तावर होते. आता कसं ते सांगते, आन् मधी मला थांबवू नका. एकदा थांबले तर मला पुन्यांदा बोलता येणार न्हाई.

जयंतीची मिरवणूक आमच्या वस्तीतून निघते. माझं लगीन झालं तवा एका बैलगाडीवर बाबासाहेबांचा फोटो असायचा, पुढं लेझीम, मागं आम्ही बाया पांढऱ्या लुगड्यात. कापसाच्या जिनिंग मिलपुढच्या चौकात तीन रोड एकमेकाला मिळतात. कापसाचा सीझन नसला तरी गाड्यांची धावपळ असतेच तिथं. एका वर्षी एक मालाची गाडी सरळ मिरवणुकीत घुसली. माणूस कोणी मेलं न्हाई, पण बैल बुजले आन् फोटोची गाडी उलटी झाली. लई बोंबाबोंब झाली तवा. त्या टायमाला पोलीस असायचे इनमीन दोघं-तिघं. फौजदार होते, नाव मला ठाऊक न्हाई, त्यांनी मोंढ्यातला सगळ्यात धिप्पाड हमाल बघितला आन् म्हणले, तू इकडं ये. आपल्या गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घातली आन् म्हणले, भिवा, हा चौक तुझा. मिरवणुकीतला शेवटचा माणूस जाईस्तोवर एक गाडी सोडायची न्हाई. तीच शिट्टी. काल तुमच्या माणसांनी पंचनाम्यात घेतली ती. तुमच्याच खात्याची हाये, आमच्याकडं नुसती राहायला होती.

तवापासून दर जयंतीला चौक ह्यांचा. पांढरा शर्ट, निळी टोपी, गळ्यात शिट्टी. मागून पोलीस वाढले, लोखंडी बॅरिकेड आले, तरी ह्यांना कोणी हटवलं न्हाई. नवे साहेब आले की त्यांना वस्तीतलेच सांगायचे, साहेब, तिथं माणूस द्यायची गरज न्हाई, तिथं भिवा हाये. हे हात वर करून उभे राह्यले की भलेभले ट्रकवाले बिलकुल हालायचे न्हाईत. मी चिडवायचे, घरात एक मांजर ऐकत न्हाई तुमचं, आन् चौकात दहा चाकांचे ट्रक ऐकून राह्यले. ते म्हणायचे, मांजरीला शिट्टी कळत न्हाई, गिरजे.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसंल मॅडम. शिट्टी गळ्यात पडली तवापासून ह्यांनी जयंतीची मिरवणूक एकदा बी बघितली न्हाई. गाड्या अडवणाऱ्याला गाड्यांकडं तोंड करून उभं राहावं लागतं, मिरवणूक जाती पाठीमागून. घरी आल्यावर पायाला तेल लावता लावता मला विचारायचे, औंदा देखावा कोणता होता? किती पोरी होत्या लेझमाला? निळ्या फेट्यातल्या का बिनफेट्याच्या? मी सांगायचे आन् ते डोळे मिटून ऐकायचे. कधी मी मुद्दाम खोटंच सांगायचे, हत्ती आल्ता म्हणून. एकदम डोळे उघडायचे. मंग दोघं हसायचो.

आजार झाला हे मी नाकारत न्हाई. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, मावशी, हे आता मागं मागं जाणार. तसंच झालं. आधी कालचं विसरले, मंग लेकीचं लगीन विसरले, मंग मला. एक दिवस चहा दिला तर हात जोडून म्हणले, बाई, तुम्ही कोणाच्या घरच्या? माझ्यापायी लई तकलीफ घेऊन राह्यल्या. मी म्हणले, तुमच्याच घरची, फुटक्या नशिबाची. तर म्हणले, थांबा, मी आमच्या घरी सांगतो, तुम्हाला नीट वागवा म्हणून. जन्मभर मला अगं-तुगं करणारा माणूस म्हातारपणी अहो-जाहो करायला लागला. मला हसू बी यायचं आन् चुलीपाशी जाऊन रडू बी यायचं. हे जबाबात बसत नसंल तर नका लिहू.

पण चौक विसरले न्हाईत. गल्लीत लेकरानं खेळण्यातली शिट्टी वाजवली तरी खाटेवर ताठ उठून बसायचे. आन् आमच्या वस्तीला बी एक खोड. ह्यांना जय भीम घातला की पुढचं वाक्य ठरलेलं, ‘बाबा, चौक सांभाळा बरं का.’ पोरं दुधाला निघाली तरी म्हणणार, बाया नळावर निघाल्या तरी म्हणणार. मान देण्यापायी म्हणायचे सगळे, चेष्टा नव्हती. हे बी टोपीला हात लावून म्हणायचे, ‘फिकीर करू नका.’ टोपी नसली तरी हात कपाळाला जायचा.

औंदा मोठ्या रोडचं सिमेंटचं काम निघालं म्हणून मिरवणुकीचा रूट बदलला. माझा पुतण्या नागसेन उत्सव कमिटीचा सेक्रेटरी हाये. त्याची आन् तुमच्या साहेबांची बैठक झाली. ठरलं असं, की मिरवणूक औंदा वस्तीतून न निघता बसस्टँडवरून निघणार, जुन्या बाजाराच्या रोडनं पुतळ्याकडं जाणार, तो रोड बंद, आन् जालन्याकडून शहागडकडं जाणाऱ्या सगळ्या गाड्या जिनिंगच्या चौकातून काढायच्या. ह्यात कोणाची चुकी मी काढत न्हाई. दोन-चार दिवस रिक्षावर भोंगा लावून सगळ्या गावाला सांगितलं. म्हणजे ज्या रोडवर इतकी वर्षं जयंतीला गाडी दिसत नव्हती, त्याच रोडवर औंदा सगळ्या गाड्या.

मी ह्यांना सांगितलं. सांगितलं न्हाई असं समजू नका. म्हणले, औंदा तुमच्या चौकातून मिरवणूक न्हाई, औंदा तुम्हाला सुट्टी. त्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणले, कामून? माझं काही चुकलं का? मी समजूत काढली. चहा पिऊन झाला की विसरले आन् पुन्यांदा विचारायला लागले, टोपी धुतली का, चौकात किती वाजता जायचं. पुन्यांदा सांगितलं, पुन्यांदा तोंड उतरलं, पुन्यांदा तेच, माझं काही चुकलं का? दर टायमाला त्यांना ते नव्यानं लागायचं हो. माझं काळीज तुटायला लागलं. मंग मी सांगायचं बंद केलं. म्हणले, राहू दे, त्या दिवशी हाताला धरून खुर्चीवर बसवू.

खुर्चीचं असं, की नागसेननं आपल्या मनानं ठरवलं होतं, औंदा काकाला पुतळ्यापाशी पहिल्या रांगेत बसवायचं. चांगली हाताची खुर्ची, वर सावलीला मंडप. म्हणला, काकू, जन्मभर पाठ करून उभा राह्यला, औंदा समोरून बघू दे. मला लई बरं वाटलं. मी म्हणले, औंदा मला त्यांना सांगायचं काम न्हाई, औंदा ते मला सांगतील.

काल येरवाळीच उठले. निब्बर ऊन पडायच्या आत मी त्यांना न्हाऊ घातलं, शर्टाला इस्त्री होतीच, टोपी डोक्यावर ठेवली. शिट्टी द्यायची न्हाई असं मनात होतं, पण गळा चाचपायला लागले. म्हणून घातली. आरशात बघून माझ्याकडं वळले आन् म्हणले, गिरजे, भाकर बांधून दे, यायला उशीर होईल. कितीतरी महिन्यांनी नाव घेतलं माझं. केशरबाई शेजारीण वट्यावर होती, तिनं पण ऐकलं.

दुपार कलल्यावर नागसेन आला आन् म्हणला, काकू, तू बायांसोबत पुढं जा, दोन वर्सं झाली तू मिरवणुकीत न्हाईस. काकाला मी गाडीत घेऊन येतो, फक्त डीजेवाल्याला बसस्टँडवर सोडून येतो. मला बी जावं वाटलं. पांढरं लुगडं नेसून मी गेले. ह्यांना सांगितलं, नागसेन न्यायला येऊन राह्यला, वट्यावरून हालू नका. ते म्हणले, बराबर. मान बी हालवली.

नागसेन बसस्टँडवर गेला तो तिकडंच अडकला. मिरवणूक रोडला लागली आन् बॅरिकेड लावून रोड बंद केला. तो म्हणला, मी सेक्रेटरी हाये, काकाला आणायचंय, सोडा. तिथल्या पोलिसानं हसून सांगितलं, दादा, बैठकीत तुम्हीच म्हणले होते ना, मी स्वतः आलो तरी सोडू नका. खरंच म्हणला होता तो. सगळ्यांपुढं छाती फुगवून म्हणला होता. मंग त्यानं गाडी वळवली आन् लांबून, जिनिंगच्या रोडनं वस्तीकडं निघाला.

इकडं हे वट्यावर कपडे करून बसलेले. न्यायला कोणी येईना. तेवढ्यात लांबून ढोलाचा आवाज आला. केशरबाईचा पाय मोडल्यामुळं ती घरीच होती, तिनं डोळ्यांनी बघितलं ते मला सांगितलं. ढोल ऐकला तसे हे ताडकन उठले आन् म्हणले, अगं माय, निघाली! मी अजून हितंच! चप्पल नीट पायात घातली न्हाई. ती म्हणली, भाऊजी, नागसेन येईस्तोवर थांबा ना. ते म्हणले, केशर, मिरवणूक थांबत नसती. आन् पायऱ्या उतरले. तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘बरं, चौक सांभाळा.’ त्यांनी टोपीला हात लावला. काल सांच्यापासून केशरबाई भिंतीकडं तोंड करून बसली हाये. मी तिला म्हणले, तुझ्यावर माझा राग न्हाई. ती ऐकत न्हाई.

गुडघे दुखायला लागले म्हणून मी मिरवणुकीतून पुढं निघून पुतळ्यापाशी येऊन बसले होते. मिरवणूक आली, ती खुर्ची रिकामी. एक पाव्हणे बसायला लागले तर मी उठवलं त्यांना. म्हणले, चौकाचा माणूस येऊन राह्यला, दुसरीकडं बसा. औंदा खरंच देखावा चांगला होता. चवदार तळ्याचा केला होता, खरं पाणी सोडलं होतं त्यात. मी मनात सगळं धरून ठेवत होते. ते आले न्हाईत तर सांगावं लागंल म्हणून. तेवढ्यात वस्तीतल्या पोरी माझ्याकडं पळत आल्या. त्यांच्या तोंडावरून मला कळलं.

चौकात काय झालं ते मी बघितलं न्हाई. साहेब म्हणतात, बाई, ते ऐकीव हाये, ते तुमच्या जबाबात येत न्हाई, ट्रकवाल्याचा जबाब वेगळा घेऊ. घ्या वेगळा. पण त्यानं मला सांगितलं ते माझ्याकडं बी लिहा. बायकोला नवऱ्याचं शेवटचं कोणी सांगितलं, हे तरी माझं हाये का न्हाई? साहेबांनी मॅडमला खूण केली. शीतल मॅडमनी लिहायला घेतलं.

ट्रकवाल्याचं नाव कल्याण, राहणार शहागडकडचा. जालन्याहून लोखंडी सळया भरून शहागडकडं निघाला होता. काल दवाखान्यात बी होता, आता बी बाहेर बाकावर बसला हाये. त्यानं सांगितलं ते असं. तो चौकात आला तवा म्हातारा माणूस मधोमध उभा होता, हात वर, तोंडात शिट्टी. पाय लटपटत होते, पण हात सरळ. कल्याण म्हणला, माय, मी गाडी थांबवली. मला वाटलं मिरवणूकच येऊन राह्यली. माझ्यामागं अजून ट्रक थांबले, पलीकडच्या रोडवरचे बी थांबले. पोलीस तिथं एक बी नव्हता, सगळे मिरवणुकीकडं, आन् कोणी त्यांना ‘बाजूला व्हा’ म्हणलं न्हाई. टोपी होती, शिट्टी होती. कडक शिट्टी वाजवत होते बाबा.

हे लिहा मॅडम, बराबर लिहा. सगळा चौक त्यांनी थांबवला होता. वेड्या माणसासाठी दहा चाकांचे ट्रक थांबतात का?

लई वेळ झाला, मिरवणूक येईना. येणार कुठून, ती जुन्या बाजारातून चालली होती. मागं रांग लागली, मागचे हॉर्न वाजवायला लागले. एकदा कल्याण खाली उतरून गेला आन् विचारलं, बाबा, किती वेळ? ते म्हणले, पोरा, ढोल ऐकू येऊन राह्यला ना? आली समज. ढोल खरंच ऐकू येत होता. कल्याण परत वर जाऊन बसला, गाडी बंद केली आन् बिडी पेटवली.

त्या रांगेत पार मागं नागसेन होता. काकाला आणायला निघालेला, आन् पुढं रस्ता कोणी अडवला ते त्याला दिसत नव्हतं. तो बी हॉर्न वाजवून राह्यला होता. दवाखान्यात त्यानं मला हे सांगितलं आन् माझ्या पायावर डोकं आपटायला लागला. काकू, मी हॉर्न वाजवला, काकू, मी हॉर्न वाजवला, एवढंच. मी त्याचं डोकं धरून ठेवलं.

रांगेतला एक पिकअपवाला कटाळला. वसंता त्याचं नाव, टरबुजं घेऊन चालला होता. उन्हात माल खराब होतो, मालक फोनवर फोन करून राह्यला होता. त्यानं रांगेतून गाडी काढली आन् कड्याकड्यानं पुढं घेतली. ट्रकच्या आडून त्याला चौक दिसला न्हाई, आन् ह्यांना तो दिसला न्हाई. दिसला तवा ह्यांनी काय करावं? सगळे म्हणतील, मागं सरकावं. ते त्याच्याकडं वळले आन् त्याच्यापुढं हात वर केला. मिरवणुकीत गाडी घुसत होती ना. कल्याण म्हणला, माय, ते घाबरले न्हाईत. जोरात शिट्टी मारली. मंग आवाज झाला.

मी चौकात पोचले तवा ह्यांना दवाखान्यात हलवलं होतं. रोडवर सगळा लाल लाल चिखल दिसला. मी मटकन खाली बसले, ओरडले. मंग कोणीतरी म्हणलं, मावशी, टरबुजं हायेत, टरबुजं फुटलीत. टरबुजंच होती. मी तिथं बसून हसले, मला आठवतं. लोकांनी मला उचललं. दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, रस्त्यातच गेले.

वसंताला इथं बसवलेलं मी बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. पळून गेला न्हाई, एवढं त्याचं खरं हाये. त्याला फाशी द्या असं मी म्हणत न्हाई. आन् मी त्याला माफ केलं असं बी लिहू नका, मी केलं न्हाई. कायद्यात जे असंल ते करा. पण त्याच्या मालकाला सांगा, अर्ज परत घे. माझा नवरा आडवा आला न्हाई. आडवी त्याची गाडी आली. विसरभोळा होता, बायकोला ‘बाई’ म्हणायचा, जेवला का न्हाई ते सांगता येत नव्हतं त्याला, सगळं कबूल. पण काल चौकात तो काही विसरला न्हाई. सांगितलं तसं केलं.

अजून एक राह्यलं. हे कल्याणनं मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर सांगितलं. तो उठून जायला लागला, पण मी त्याचा हात सोडला न्हाई, म्हणले, सांग लेकरा, जे असंल ते सांग.

धडक बसल्यावर पहिला उतरला तो कल्याण. ह्यांचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं, पाणी लावलं ओठाला. शिट्टी मुठीत आवळलेली. त्यांनी डोळे उघडले आन् त्याला विचारलं, गेली का मिरवणूक? कल्याणनं सांगितलं, माय, मी कधी असं खोटं बोललो न्हाई, पण मी म्हणलो, गेली बाबा. सगळी बराबर गेली. तर ते म्हणले, शेवटचा माणूस? कल्याण म्हणला, शेवटचा माणूस बी गेला. मंग त्यांनी मूठ उघडली. म्हणले, मंग सोड गाड्या.

तेच शेवटचं.

आता साहेबांनी विचारलं, बाई, अजून काही सांगायचंय का? हो, एक सांगायचंय. बाहेर नागसेन अर्ज लिहून राह्यला हाये, मी बघितलं. आज दुपारी दवाखान्यातून ह्यांना घेऊन जायचं, तवा जिनिंगचा चौक बंद ठेवावा, सगळी वाहतूक दुसरीकडं वळवावी, सगळी वस्ती पायी चालणार, कमिटीच्या वतीनं मानवंदना देणार, असं काय काय हाये त्यात. रात्रभर झोपला न्हाई तो, त्याला काहीतरी करायचंय. त्याच्या भावना मला कळतात. साहेब बी देतो म्हणले परवानगी.

पण मी बायको हाये, आन् मी न्हाई म्हणते. ह्यांना त्याच चौकातून न्या. कड्याकड्यानं, एका बाजूनं, बाकीच्या लोकांना तरास न होता न्या. शिट्टी मुद्देमालात असू द्या, मी मागत न्हाई. नागसेनचा अर्ज आला तर त्याला माझा हा जबाब दाखवा. रोड बंद करू नका. त्यांनी गाड्या सोडायला सांगितल्यात.

वरचा मजकूर शीतल मॅडमनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत हळूहळू वाचून दाखवला. मधी एका जाग्यावर साहेबांनी त्यांच्या हातातून कागद घेतला आन् पुढचं वाचलं. मी बोलले तसंच लिहिलंय, कोणाच्या सांगण्यावरून की धाकानं बोलले न्हाई. खोडलेली ओळ खोडलेलीच राहू द्यावी. सही मी स्वतः केली. सही करायला मला मालकांनीच शिकवलं होतं.

सही : गिरिजाबाई भिवा दाभाडे